टँकर भरदुपारी, मग उन्हाचा इशारा कुणासाठी?

पालघर, बोईसर-तारापूरच्या नागरिकांनो, कामगार बंधू-भगिनींनो,

गेल्या आठवड्यात मोबाइलवर सरकारी संदेश आला: दुपारी 12 ते 3 बाहेर पडू नका, भरपूर पाणी प्या. त्याच दिवशी आमच्या एका पाड्यावर टँकर आला तो दुपारी सव्वाला! बाया हंडे घेऊन धावल्या. एक गरोदर पोर रांगेतच चक्कर येऊन पडली. जाब विचारला, तर उत्तर मिळालं, "टँकर आमच्याकडे, उष्माघात आरोग्य खात्याकडे."

ऊन आणि टंचाई वेगवेगळ्या फायलींत ठेवणाऱ्यांनो, जमिनीतली ओल संपली की उन्हाचा सगळा जोर हवा तापवण्यात जातो आणि तापलेली हवा उरलंसुरलं पाणी शोषून घेते. एक दुसऱ्याला वाढवतं. 2022चा मार्च 1901पासूनचा देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला. आपल्याकडे तर दमट हवेत घामही वाळत नाही. 16 एप्रिल 2023ला खारघरला महाराष्ट्र भूषण सोहळ्यात भर उन्हात बसलेली 14 माणसं गेली, ती विसरलात?

"कोकणात कसला दुष्काळ?" म्हणणाऱ्यांनी एप्रिलमध्ये मोखाड्यात एक हंडा भरून दाखवावा. पाऊस धो धो पडतो आणि उतारावरून निघून जातो. मोडकसागर, मध्य वैतरणा धरणांचं पाणी मुंबईला; सूर्या धरणाचं वसई-विरारला; आणि धरणाच्या जिल्ह्याला टँकर! बोईसरची तऱ्हा आणखी निराळी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर 93.69 गुणांनी देशात पहिलं. इथे विहिरीला पाणी असलं तरी प्यायची छाती कुणाची?

तेव्हा कामाला लागा. टँकर सकाळी 10च्या आत किंवा संध्याकाळी 5नंतर, असा ठराव 1 मेच्या ग्रामसभेत घ्या. पाणवठ्यावर मांडव घाला. नाक्यावर, वीटभट्टीवर, कारखान्याच्या शेडमध्ये पिण्याचं पाणी आणि दुपारची सुट्टी मागा. कंत्राटी कामगारालाही, नाहीतर मागूच नका. पावसाळा संपताच ओढ्यांवर मातीच्या पोत्यांचे वनराई बंधारे घाला. करोनात घरोघर धान्य आपल्याच कार्यकर्त्यांनी पोचवलं, तेव्हा कुणाच्या आदेशाची वाट पाहिली नव्हती. सोसायट्यांतल्या मंडळींनो, गाड्या धुण्याचे पाइप आधी बंद करा, मग ठरावावर सह्या करायला या.

प्रत्येक पाड्याने, चाळीने एक वही घालावी: टँकर किती वाजता आला, किती हंडे मिळाले, कोण आजारी पडलं. ग्रामसभेला ती वही घेऊनच या. नुसतं भाषण ऐकायला येणार असाल, तर घरीच बसा.