आबाजींची खोली

मागच्या महिन्यात चार दिवस सुट्टी टाकून सेवाग्रामला मामाकडे जाऊन आलो. ऐरोलीतल्या एसीत बसून बसून डोकं आंबलं होतं, म्हटलं जरा गावची हवा खाऊ. हवा खाल्ली, मामीच्या हातची भाकरी-पिठलं खाल्लं, आणि येताना डोक्यात एक किडा घेऊन आलो. तोच आज तुमच्या डोक्यात सोडतोय.

आबाजी (आईचे वडील) ८१ वर्षांचे. तरुणपणी रातांधळेपण होतं, मग नजर चारही बाजूंनी आत आत येत गेली, आणि गेली सहा-सात वर्षं काहीच दिसत नाही. दिसत होतं तोवर आश्रमाच्या संध्याकाळच्या प्रार्थनेला नेमाने जायचे. आता घरातल्या सगळ्यात मागच्या खोलीत असतात. खिडकी डासांमुळे कायम बंद. मी दिवा लावायला गेलो तर मामी म्हणाली, "त्यायले दिसत नाही तं लाईट कायले पायजे?"

लॉजिक बिनतोड आहे. मीही गप्प बसलो. पण आबाजी दिवसा घोरतात आणि रात्री दोनला उठून काठी आपटत फिरतात. मामीला झोप नाही. आता तिच्या तोंडी झोपेच्या गोळ्यांचा विषय आहे, आणि तो ऐकून मला धसका बसला.

त्याचं काय आहे, की आपण शाळेत शिकलो, डोळ्याच्या पडद्यात दंडपेशी आणि शंकुपेशी असतात. विषय संपला. विज्ञानालाही शंभराहून जास्त वर्षं असंच वाटत होतं. मग १९९१ साली रसेल फॉस्टर आणि त्यांच्या गटाने दाखवलं की या पेशी झिजलेल्या आंधळ्या उंदरांचं शरीरातलं घड्याळही उजेडाने व्यवस्थित लागतं. डोळेच काढले तर मात्र लागत नाही. म्हणजे डोळ्यात आणखी कोणीतरी उजेड ओळखतंय! भल्याभल्या नेत्रतज्ज्ञांना हे पटेना.

त्या गटात इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ नावाचा एक तरुण होता. या माणसाचं करिअर मला फार आवडतं, कारण त्याला उत्तर डोळ्यात नाही तर बेडकाच्या कातडीत सापडलं. उजेड पडला की रंग बदलणाऱ्या पेशी असतात तिथे. त्या कशाच्या जोरावर हे करतात ते शोधताना १९९८ साली त्याला आणि सहकाऱ्यांना एक नवं प्रथिन मिळालं, मेलानॉप्सिन. २००० साली तेच माणसाच्या पडद्याच्या आतल्या थरात दिसलं. २००२ पर्यंत इतरांनी सिद्ध केलं की डोळ्यातून मेंदूकडे निरोप नेणाऱ्या ज्या पेशी, त्यातल्या थोड्याशा स्वतःच उजेड ओळखतात. आपल्या भाषेत सांगायचं तर नेटवर्कची केबलच सेन्सर निघाली. (त्याच वर्षी मेलानॉप्सिन आणि घड्याळाचं नातं उंदरांत दाखवणाऱ्यांत आपल्या ओडिशाचे सच्चिदानंद पांडा होते.)

२००७ साली ८७ वर्षांच्या एका अंध बाईंची तपासणी प्रसिद्ध झाली. दंड-शंकू निकामी, तरी निळा उजेड चालू आहे की बंद, हे त्यांना सांगता येत होतं.

आता आबाजींचा आजार नेमका दंड-शंकू खाणारा. केबल बऱ्यापैकी शाबूत असू शकते. काचबिंदूत मात्र केबलच मरते, तिथे हा हिशेब लागू नाही. मी डॉक्टर नाही, त्यामुळे मामाला आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारायला लावलं. पण आंधळ्या माणसाला उजेड लागत नाही असं ठरवून त्याला मागच्या खोलीत ठेवणं, हे मला आता पटत नाही. घरोघरी होतं हे, प्रेमानेच होतं. रात्री दोनपर्यंत क्लायंटच्या कॉलवर स्क्रीनचा उजेड खाणाऱ्या आपल्यालाही पहाट कधी झाली ते कळत नाहीच म्हणा, पण आपण निदान स्वतः उठून खिडकी उघडू शकतो.

असो. डॉक्टर हो म्हणाले. आबाजींची बाज आता सकाळी अंगणात असते. काल मामीचा फोन होता. झोप अजून धड लागलेली नाही, दोन रात्री बऱ्या गेल्या, तिसरीला पुन्हा काठी. गोळ्यांचं मात्र तिने तूर्त लांबवलंय. तिची खरी तक्रार वेगळीच आहे: वर्ध्याचं ऊन नऊलाच चटके देतं, बाज ओढून कडुनिंबाखाली न्यावी लागते, आणि मामा तेव्हा नेमका आंघोळीला गेलेला असतो.