म्हणजे न्हाणीच की!

परवा पेठला गेलो होतो. घरच्या बाथरूमचं काम काढलंय. जागा इनमीन पाच बाय सहा फूट. पुतण्याने मोबाईलवर फोटो दाखवला. "काका, याला वेट रूम म्हणतात. काचेचं पार्टिशन नाही, उंबरा नाही, सगळीकडे टाइल्स आणि भिंतीवर शॉवर." आईने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे न्हाणीच की!"

खरंच की! शहाबादी फरशी, कोपऱ्यात बंब, बसायला पाट आणि पाणी थेट परसातल्या अळवाला. हार्डवेअरच्या दुकानात जाळीखालचा तो भाग आजही 'नहाणी ट्रॅप' म्हणूनच मागतात. आपला शब्द इंग्रजी कॅटलॉगातसुद्धा जाऊन बसलाय, आणि आपल्याला मात्र न्हाणी म्हणायची लाज!

माझं मत विचाराल तर छोट्या जागेत असं मोकळंच ठेवावं. काच लावली की बादली घेऊन वळताही येत नाही. उद्या आईला अंघोळ घालायची वेळ आली, तर दुसरं माणूस आत मावायला नको?

पण आमच्याकडे दोन तास चर्चा झाली ती टाइल्सच्या रंगावर. उताराचं कुणी नावच काढेना. पाच फुटांत निदान पाऊण इंच उतार जाळीकडे हवाच, नाहीतर पाणी पायाखाली साचणार. दुसरं म्हणजे, पाणी टाइल्स अडवत नाहीत. ते सांध्यांतून झिरपतंच. अडवतं ते खालचं वॉटरप्रूफिंग. ते भिंतींवरही चढवायचं, शॉवरच्या बाजूला तर डोक्याच्या वर. मग जाळीचं तोंड बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवायचं. गळती नाही अशी खात्री झाली की मगच टाइल्स. आणि पेठच्या पावसाळ्यात काहीच वाळत नाही, तेव्हा खिडकी बुजवू नये.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. नाशिकच्या फ्लॅटमध्ये चकचकीत टाइल्स मीच हौसेने निवडल्या होत्या. त्यावरच आई घसरली आणि मनगट मोडलं. सगळे म्हणाले, "वय झालं." वय झालं होतं हे खरं, पण टाइल्स मी आणल्या होत्या. यावेळी खरखरीत आणि लहान टाइल्स घेतल्यात. लहान टाइल्सना उतार नीट देता येतो आणि सांधे जास्त असल्याने पायाला पकडही मिळते. शिवाय हाताला धरायला भिंतीत एक मजबूत दांडी.

शॉवर? लावतोय. पण साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी ओततो. पाच मिनिटांत दोन-तीन बादल्या गेल्या! आमच्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडाभर पाण्यासाठी पायपीट करतात. म्हणून खाली नळ आणि बादली राहणारच.

असो. निघताना आईने एवढंच विचारलं, "पाटाला जागा ठेवलीस ना रे?"

ठेवली आहे.