पाळणा लांबवायचा, पण किती?

हिंगण्यातील एखादे व्यापारी घर डोळ्यांसमोर आणावे. दुकान गावात आणि मालाचा पुरवठा औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांना. थोरल्या मुलाचे लग्न नुकतेच झाले आहे. सुनेची सी.ए.ची अंतिम परीक्षा अद्याप बाकी आहे. वर्षभर थांबावे आणि मग मूल होऊ द्यावे, असे दोघांनी ठरविले आहे व सासूबाईंचीही त्याला हरकत नाही. मात्र या वर्षभरात कोणते साधन वापरावे, याविषयी घरात कोणीच बोलत नाही. सून मैत्रिणीला विचारते, मुलगा औषधाच्या दुकानात जातो आणि जे हाती येते ते सुरू होते.

साधन निवडताना गर्भ राहू नये एवढाच विचार बहुधा केला जातो. ज्यांना लवकरच मूल हवे आहे, त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे : साधन थांबविल्यानंतर गर्भधारणेची क्षमता किती दिवसांत परत येते? व्यापारी माणूस मुदत ठेव करताना रक्कम केव्हा लागणार हे आधी पाहतो. येथेही मूल केव्हा हवे ते आधी ठरवावे आणि तेथून मागे मोजत साधन निवडावे.

निरोध थांबविला की त्याच महिन्यात गर्भ राहू शकतो. त्याचा शरीरावर मागे कोणताही परिणाम उरत नाही. मात्र प्रत्यक्ष व्यवहारात वर्षभर निरोध वापरणाऱ्या १०० स्त्री-पुरुषांच्या जोड्यांपैकी सुमारे १३ जणींना दिवस राहतात, कारण तो प्रत्येक वेळी आणि नीट वापरला जात नाही. रोजच्या गोळ्यांच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे ७ आहे. शासनाकडून मोफत मिळणाऱ्या ‘माला-एन’च्या पाकिटात २८ गोळ्या असतात, त्यांतील २१ संप्रेरकांच्या व ७ लोहाच्या. गोळ्या बंद केल्यावर बहुतेकींची पाळी एक ते तीन महिन्यांत पूर्ववत होते. गोळ्यांमुळे वांझपण येते ही समजूत निराधार आहे. तथापि उच्च रक्तदाब, रक्तात गुठळी होण्याचा पूर्वेतिहास किंवा डोळ्यांपुढे चमक येऊन उठणारी अर्धशिशी असलेल्या स्त्रीने त्या घेऊ नयेत. म्हणून त्या दुकानातून परस्पर आणू नयेत.

‘छाया’ ही लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत विकसित झालेली गोळी संप्रेरकविरहित आहे. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व नंतर आठवड्यातून एकदा घ्यावयाची असते. आरंभी तिच्यामुळे पाळी लांबू शकते. हे ठाऊक नसले तर घरात विनाकारण धावपळ होते.

‘अंतरा’ हे तीन महिन्यांतून एकदा घ्यावयाचे इंजेक्शन २०१७ पासून शासकीय कुटुंबनियोजन कार्यक्रमात उपलब्ध झाले. ते परिणामकारक व सोयीचे आहे. परंतु शेवटच्या इंजेक्शनानंतर गर्भधारणेची क्षमता परत येण्यास सरासरी सात ते दहा महिने लागतात आणि काहींना त्याहून अधिक काळ लागतो. दोन मुलांत अंतर ठेवू इच्छिणाऱ्या मातेला ते उपयुक्त ठरते. ज्यांना वर्षभरातच मूल हवे आहे, त्यांनी ते सहसा निवडू नये. तांबी बसविणाऱ्या १०० स्त्रियांपैकी वर्षभरात एखादीलाच गर्भ राहतो आणि तांबी काढताच क्षमता परत येते. दोन-तीन वर्षे थांबावयाचे असेल तर ती उत्तम होय. सहा महिन्यांसाठी बसविण्याची यातायात बहुधा कोणी करीत नाही.

श्रावकाच्या घरात याच्या जोडीने आणखी काही गोष्टी येतात. तांबीमुळे जीवहिंसा होते काय, अशी शंका अनेक श्राविकांच्या मनात असते. तांब्यामुळे शुक्रजंतू निष्प्रभ होतात आणि प्रामुख्याने फलनच टळते, असे वैद्यकशास्त्र सांगते. ही माहिती समजून घेऊन ज्याने त्याने आपला निर्णय करावा. रोजची गोळी ठरलेल्या वेळी घ्यावी लागते. चौविहार करणाऱ्या सुनेने रात्री झोपतानाची वेळ न निवडता नवकारसीनंतरची सकाळची वेळ निवडावी. पर्युषणात अठ्ठाई करावयाची असेल आणि त्या काळात औषध घेतले जाणार नसेल, तर गोळीचे संरक्षण तुटते. अशा वेळी निरोधाची जोड हवी आणि गोळी पुन्हा केव्हा व कशी सुरू करावी हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. अष्टमी-चतुर्दशीला ब्रह्मचर्य पाळणारी घरे आहेत. ते व्रत स्तुत्यच आहे; परंतु तिथी चंद्राच्या गतीने येतात आणि स्त्रीचे ऋतुचक्र तिच्या शरीराच्या गतीने चालते. तिथीच्या भरवशावर राहून गर्भ टळत नाही.

ही काळजी आधी घेण्याचे मोठे कारण आहे. नको असताना दिवस गेले तर कायद्याने ठराविक मर्यादेत गर्भपातास अनुमती आहे आणि त्यासंबंधीचा १९७१ चा कायदा २०२१ मध्ये अधिक व्यापक करण्यात आला आहे. परंतु अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या दांपत्याला तो निर्णय वर्षानुवर्षे सलत राहू शकतो. गर्भ राहण्यापूर्वी घेतलेली काळजी ही त्या सलापासूनचीही काळजी होय. संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यावयाची आपत्कालीन गोळी अडीअडचणीपुरती आहे. तिला नेहमीचे साधन करू नये.

थांबण्याचे हे महिने वाया घालवू नयेत. फॉलिक अॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी गर्भधारणेच्या किमान एक महिना आधीपासून, शक्य तर तीन महिने आधीपासून, रोज घ्यावी. बाळाच्या मेंदूचे व पाठीच्या कण्याचे जन्मजात दोष टाळण्यास तिची मदत होते. शाकाहारात बी-१२ जीवनसत्त्व दूध-दह्यातूनच काय ते मिळते, म्हणून त्याची तपासणी विशेष अगत्याची आहे. हिमोग्लोबिन, साखर व थायरॉइड पाहून घ्यावे. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आढळतात. तेव्हा सिकलसेल व थॅलेसेमिया यांची एक रक्ततपासणी पतिपत्नी दोघांनीही करावी. रुबेलाची लस घेतल्यास त्यानंतर एक महिना गर्भ राहू देऊ नये. त्या महिन्यातही साधन सुरू असावे लागते.

आणि मग साधन थांबते. येथे घरातील वडीलधाऱ्यांची कसोटी लागते. दोन महिने गेले की विचारपूस सुरू होते, चार महिने गेले की सुनेकडे पाहण्याची दृष्टी बदलते. नियमित सहवास असणाऱ्या १०० दांपत्यांपैकी ८० हून अधिक जणांना वर्षभरात दिवस राहतात, परंतु पहिल्याच महिन्यात राहणारी थोडीच असतात. जिने ‘अंतरा’ घेतले होते, तिला आठ महिने लागले तर तो तिचा दोष नसून त्या औषधाचा स्वभाव आहे. वर्ष उलटूनही यश न आल्यास, आणि पत्नीचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच, दोघांनी तपासणी करावी. पतीची वीर्यतपासणी सोपी व कमी खर्चाची असूनही ती सर्वांत शेवटी केली जाते. ती आरंभीच व्हावी.

हिंगण्याच्या कुटुंबांना यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. परिसरातील शासकीय आरोग्य केंद्रांत निरोध, माला-एन व छाया मोफत मिळतात. हिंगणा मार्गावर डिगडोह येथील लता मंगेशकर रुग्णालयाला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले असून तेथे स्त्रीरोग विभाग आहे. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातच पतिपत्नींनी एकदा सोबत जाऊन मूल केव्हा हवे हे डॉक्टरांना सांगावे, आपली व्रते व तपश्चर्याही न संकोचता सांगाव्यात आणि साधन तेथेच ठरवावे. घरच्यांनी त्या दिवशी सुनेला दुकानाच्या आणि स्वयंपाकघराच्या कामातून मोकळे करावे व परतल्यावर काय ठरले याची चौकशी करू नये.