गोळी मिळते, माहिती मिळत नाही

तातडीची गर्भनिरोधक गोळी आज औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. पण वस्तीत काम करताना आम्हाला प्रश्न येतात ते गोळी घेऊन झाल्यावर, तेही दबक्या आवाजात : पाळी लांबली, आता कधीच मूल होणार नाही का?

होईल. या गोळीने वंध्यत्व येत नाही, राहिलेला गर्भही पडत नाही. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची ही १.५ मिलिग्रॅमची गोळी स्त्रीबीज बाहेर पडणे लांबवते. म्हणून ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितके चांगले. मळमळ, डोकेदुखी, थकवा, मध्येच रक्तस्राव होऊ शकतो. पाळी काही दिवस मागेपुढे होते. मात्र दोन तासांत उलटी झाली तर गोळी पुन्हा घ्यावी लागते. पाळी आठवड्याहून जास्त लांबली तर गर्भाची तपासणी करा. ओटीपोटात जोरात दुखले तर लगेच डॉक्टर गाठा. हा नेहमीचा उपाय नव्हे, आणि लैंगिक आजार तर निरोधच रोखतो.

१० नोव्हेंबर १९३८ रोजी बाबासाहेबांनी तयार केलेले संततिनियमनाचे भाषण मुंबई विधानसभेत पी. जे. रोहम यांनी वाचले. ठराव फेटाळला गेला. त्यांनी भर सभागृहात नेलेला विषय आपल्या घरात आजही कुजबुजीतच आहे. मळमळ दोन दिवसांत जाते, ही भीती मुली एकट्याच वर्षानुवर्षे वाहतात. आपल्या अभ्यासवर्गात याला एक तास द्या, आणि त्या तासाला मुलांनाही बसवा.