मुक्काम आधी, सहल नंतर

पुण्याहून दोन दिवसांसाठी गाडीने औरंगाबादला जायचे ठरले, की आम्ही आधी मुक्कामाचे बघतो. जुन्या शहरात नान-कलिया आणि मशिदी हाकेच्या अंतरावर. पण तिथल्या अरुंद गल्ल्यांत गाडी लावणे अवघड. म्हणून स्टेशन किंवा जालना रोडकडचे हॉटेल शोधतो. आवारात पार्किंग आणि चालू लिफ्ट आहे ना, हे फोनवर विचारून घेतो. जिने चढायचे म्हटले, की दादी ‘मी घरीच बरी’ म्हणतात. शहरात रिक्षाने फिरावे. दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ एकाच वाटेवर आहेत. वेरूळची लेणी मंगळवारी बंद. अजिंठा दुसऱ्या दिशेला, सुमारे १०० किलोमीटरवर. तो पुढच्या खेपेला ठेवावा. दादींनाही दुपारी पाठ टेकता येते.