पाळक गावातच घडवायला हवा

खेड्यांतल्या मंडळ्यांना पुढारी का मिळत नाहीत, असा प्रश्न निघाला की आपल्या ख्रिस्ती बैठकांमध्ये दोन उत्तरं ऐकू येतात. शिकलेली मुलं खेड्यात यायला तयार नाहीत, हे एक. खेड्यातल्या माणसांना कितीही शिकवलं तरी त्यांना जमत नाही, हे दुसरं. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांपुरतं तरी माझं म्हणणं असं, की ही दोन्ही उत्तरं चुकीची आहेत आणि दोष आपल्या शिकवण्याच्या पद्धतीत आहे.

पाळक म्हणजे पदवी घेऊन आलेला, पूर्णवेळ, पगारी माणूस, असं आपण धरून चाललो आहोत. अशा माणसाला घडवण्याची सोय पुण्यात भरपूर आहे. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये यवतमाळहून पुण्यात आली. कॅथलिकांची पेपल सेमिनरी तर १९५५ मध्येच कँडीहून इथं आली होती. या संस्था साऱ्या देशासाठी आहेत, त्यांच्यावर माझा रोष नाही. पण इंदापूरच्या एखाद्या वस्तीवर दर रविवारी उपासना चालवणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. पहाटे आणि संध्याकाळी त्याला धार काढायची असते. गळीत हंगामात रात्री-अपरात्री ऊस भरायला जावं लागतं. नाहीतर बारामतीच्या एमआयडीसीत त्याची पाळी आठवड्याला बदलते. बायकोमुलांना सोडून तीन वर्षं वसतिगृहात राहा आणि इंग्रजीतून शिका, असं त्याला सांगणं म्हणजे तू नकोस असंच सांगणं आहे. मंडळी मात्र त्याला कधीच पुढारी मानून बसलेली असते. आजाऱ्याजवळ रात्री प्रार्थनेला तोच जातो, मयताला तोच उभा राहतो. आपण शोधतो आहोत तो पुढारी तिथं आहेच. त्याला शिकवायचं आपण टाळलं आहे.

यावर इतिहासाचा दाखला देऊन कोणी म्हणेल, की पहिले मराठी पाळक मोठे विद्वान होते. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. त्यानंतर चार दशकं उलटली आणि १८५४ मध्ये नगरला हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. दोघेही ब्राह्मण घरांतले, शिकलेसवरलेले. पण त्या काळाचं सार एवढंच नाही. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रुफस अँडरसन त्याच सुमारास हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले होते. त्यांचा आग्रह होता की शिक्षण लोकांच्या भाषेत द्यावं, मंडळ्या देशी पाळकांच्या हाती सोपवाव्यात आणि मंडळीनं आपला कारभार, खर्च व प्रसार स्वतः पाहावा. पुढं नगर जिल्ह्याच्या गावोगावी उपासना चालल्या त्या शाळामास्तरांच्या जिवावर. हे मास्तर बहुतेक महार-मांग समाजांतून आलेले होते. आठवडाभर पोरांना अक्षरं शिकवायची आणि रविवारी त्याच खोलीत पवित्रशास्त्र वाचून दाखवायचं, असं त्यांचं जगणं होतं. खेड्यातल्या माणसाला जमत नाही म्हणणाऱ्यांनी हे मास्तर विसरून चालणार नाही. आज आपल्यापैकी कित्येक जण ज्या घरांतून आलो, ती घरं विश्वासात उभी राहिली ती या मास्तरांमुळे.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. अर्धवट शिकलेल्याच्या हाती व्यासपीठ दिलं तर खोटी शिकवण शिरते, असं जुने पाळक सांगतात. ते खरं आहे आणि मला ते पूर्ण मान्य आहे. हातात माईक येताच स्वतःला प्रेषित म्हणवणारे, आजार बरा होईल सांगून औषध बंद करायला लावणारे, दान दिलंस तर कर्ज फिटेल असं वचन देणारे लोक आपल्यात आहेत. त्यांनी गरिबांचं नुकसान केलं आहे. आत्मा शिकवतो, माणसाच्या शिकवणीची गरज नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यांना प्रेषितांच्या कृत्यांतल्या इफिसकडे बोट दाखवावं. तुरन्नाच्या शाळेत पौलानं दोन वर्षं रोज शिकवलं, आणि तोही तंबू शिवून पोट भरणारा माणूस होता.

याच इफिसच्या कसोटीवर आपली नेतृत्व-प्रशिक्षण शिबिरंही उतरत नाहीत. तीन दिवसांचं शिबिर, बाहेरून आलेला वक्ता, शेजारी उभा दुभाषी, मागे मोठा फलक, शेवटी प्रमाणपत्र आणि सामूहिक फोटो. अहवालात इतके पुढारी तयार झाले असा आकडा जातो. तीन दिवसांत कोणी पुढारी होत नाही. त्यातून भोंदू प्रेषिताला भिंतीवर लावायला एक कागद मिळतो, आणि प्रामाणिक माणूस सोमवारी जिथं होता तिथंच राहतो.

नारायण वामन टिळकांना पगारी सेवेचं दुखणं नेमकं कळलं होतं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीनं १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार त्यांच्यामागे रुजला नाही. त्याच १९१७ मध्ये विष्णुबुवा जोगांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. ती आजही कीर्तनकार घडवते आहे. माझ्या मते फरक इथं आहे: टिळकांजवळ तळमळ आणि वाणी होती, पण जोगांच्या संस्थेसारखा चार वर्षांचा अभ्यासक्रम नव्हता. दर आषाढात तुकोबांची पालखी बारामती-इंदापूरच्या रस्त्यानं जाते, बेलवाडीला रिंगण होतं. त्या गर्दीतला वीणेकरी बहुधा शेतकरी असतो, कोणाचा पगारी नोकर नसतो. त्याला अभंग तोंडपाठ असतात, कारण गावच्या भजनी मंडळात वर्षानुवर्षं बसून तो ते शिकलेला असतो. तुकोबांवर टिळकांचं अतोनात प्रेम होतं. टिळकांचे वारसदार म्हणवणाऱ्या आपण मात्र शेजारच्या या शाळेकडे पाहिलंही नाही.

मग करायचं काय? मार्ग सापडलेला आहे. ग्वाटेमालातल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीनं १९६३ मध्ये विद्यार्थ्यांना बोलावून घेण्याऐवजी शिक्षकच त्यांच्याकडे पाठवायला सुरुवात केली. घरी अभ्यास, आठवड्याला एक बैठक, शिकलेलं लगेच मंडळीत वापरायचं. १९७१ मध्ये बंगळुरूत ‘टॅफ्टी’ ही संस्था याच पद्धतीसाठी निघाली. आपल्याला ती दोन तालुक्यांच्या मापानं बेतून घ्यायची आहे. बारामती, भिगवण आणि इंदापूर इथं आठवड्याला एकेक वर्ग, पूर्ण मराठीतून, किमान दोन वर्षं. हंगाम जोरात असेल तेव्हा धडे कमी, पावसाळ्यात जास्त. एका वेळी शास्त्रातलं एकच पुस्तक, पण पहिल्या अध्यायापासून शेवटच्यापर्यंत. सोबत दानाचा हिशेब मंडळीपुढं कसा मांडायचा, दारूनं मोडत चाललेल्या घरात काय बोलायचं, कोणत्या आजाऱ्याला प्रार्थना करून थेट दवाखान्यात न्यायचं, हेही. परीक्षा एकच: शिकणाऱ्यानं तेच दुसऱ्या कोणाला शिकवलं का. सेमिनरीतून पदवी घेतलेल्यांना इथं मोलाचं काम आहे, ते म्हणजे या वर्गांना शिकवणं आणि चूक दिसली की तिथंच दुरुस्त करणं.

खर्चाचं निमित्त मी ऐकून घेणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या चर्चेस ऑफ ख्राईस्टचे मिशनरी विसाव्या शतकाच्या आरंभी बारामतीत आले, त्यांना घर, दवाखाना, शाळा सगळंच उभारावं लागलं. आपल्याला शिक्षकाचं एसटीचं भाडं आणि छापील धडे लागतात. ते इथल्याच मंडळ्यांनी द्यावेत. बाहेरच्या पैशावर घडलेल्या पुढाऱ्याकडे गाव संशयानं पाहतं. आपल्यातच राबणाऱ्या, हिशेब उघडा ठेवणाऱ्या माणसाकडे गाव तसं पाहू शकत नाही.

आणि हे वर्ग पुरुषांपुरते ठेवायचे असतील तर न काढलेलेच बरे. बारामतीच्या शेजारी दौंड तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून शास्त्राचं मराठी भाषांतर केलं, छापखान्यात त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायका खिळे जुळवत होत्या. आपल्या वस्त्यांवर घरोघरच्या प्रार्थना बहुतांशी बायकाच चालवतात, तरी शिबिराची यादी करताना त्यांच्या नवऱ्यांची नावं लिहिली जातात. बायकांचा वर्ग भरायचा असेल तर तो रात्री नऊला नव्हे, दुपारच्या स्वयंपाकानंतर आणि संध्याकाळच्या धारेआधी, त्यांच्याच वस्तीवर भरवावा लागेल. मजुरीला जाणाऱ्यांसाठी रविवारची दुपार वेगळी ठेवावी लागेल.