नाव

मराठीत ‘नाव मिळवणे’ हा मोठा शब्दप्रयोग आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ (२०२०) मधला शरद नेरूळकर त्यासाठी वर्षानुवर्षे रियाज करतो. पण मोठा गवई होत नाही. मीरा नायर यांच्या ‘सलाम बॉम्बे’ (१९८८) मधला कृष्णा मुंबईत घरोघर चहा पोचवतो. घरी परतायला त्याला ५०० रुपये साठवायचे आहेत. त्याचे तर असलेले नावही जाते. वस्तीत तो ‘चायपाव’ म्हणूनच ओळखला जातो. ही भूमिका करणाऱ्या शफीक सय्यदला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे त्याने बंगळूरला रिक्षा चालवली.

दोन्ही चित्रपट पाहून मी हळहळलो. पण मित्रहो, दुसऱ्याच दिवशी आपल्या सोनपेठच्या एका हॉटेलात मी सवयीने ओरडलो, “ए पोऱ्या, दोन चहा आण!” आणि मनात चरकलो. माझ्याच वयाच्या त्या मुलाचे नाव मी कधी विचारले नव्हते.

गायकाचे कष्ट ती साधना आणि दिवसभर कपबश्या विसळणाऱ्याचे ते नुसते काम, असे आपण का मानतो? पडद्यासमोर डोळे ओले झाले आणि जिभेवरचा ‘ए पोऱ्या’ तसाच राहिला, तर आपण चित्रपट पाहिला असे म्हणता येणार नाही.